ओके रेकॉर्ड्स : धाकट्या शिक्क्याची थोरली गाणी

१० ऑगस्ट १९२०. न्यूयॉर्कमधील एका रेकॉर्ड कंपनीच्या खोलीत मूठभर वादक आणि एक गायिका दाटीवाटीने उभे होते. समोर एक मोठा कर्णा. मायक्रोफोनचा जमाना अजून यायचा होता. गायिकेने त्या कर्ण्यात तोंड घालूनच गायचे, वादकांनी आपापल्या वाद्याच्या आवाजाप्रमाणे पुढे-मागे उभे राहायचे आणि पलीकडे फिरणाऱ्या मेणाच्या तबकडीवर सुई रेघ ओढत जायची. चूक झाली तर मेण वाया. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गायिकेचे नाव मॅमी स्मिथ. गाणे होते ‘क्रेझी ब्लूज’. गायिका कृष्णवर्णीय, वादक कृष्णवर्णीय, गाणे लिहिणारा पेरी ब्रॅडफर्डही कृष्णवर्णीय. आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. पण त्या दिवसापर्यंत कोणत्याही अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रीच्या आवाजातला ब्लूज तबकडीवर घेतला नव्हता. ब्लूज म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या सुखदुःखाची गाणी, आणि ती तोवर रेकॉर्डवर गात होते ते गोरे गायक! ज्यांचे गाणे त्यांनाच बंदी, असा हा उफराटा कारभार होता.

हे धाडस केले ते एका लहानशा, फारसे नाव नसलेल्या कंपनीने. ओके रेकॉर्ड्स हे तिचे नाव. पुढे ही कंपनी कोलंबिया या बड्या कंपनीच्या पोटात गेली, तिचे ‘धाकटे लेबल’ झाली, तीन-चार वेळा बंद पडली आणि तितक्याच वेळा पुन्हा उभी राहिली. ब्लूज, जाझ, कंट्री, रिदम अँड ब्लूज, सोल असे अमेरिकेचे जे जे संगीत पुढे जगभर गेले, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या जन्माच्या किंवा बाळपणाच्या दाखल्यावर कुठे ना कुठे या ओकेचा शिक्का आहे.

‘धाकटे लेबल’ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कुत्र्याचे चित्र असलेली एचएमव्ही, दोन जोडस्वरांचे चिन्ह असलेली कोलंबिया आणि ओडियन या नावांच्या रेकॉर्ड्स घरोघरी असत. ग्राहकाला वाटे या तीन कंपन्या. प्रत्यक्षात पुढच्या काळात तिन्ही शिक्के ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्याच हाती होते. दुकान एक, पाट्या अनेक. अमेरिकेतही हीच रीत होती, फक्त तिथे कोणती पाटी कोणासाठी, हे ठरवताना गायकाच्या कातडीचा रंगही पाहिला जाई.

आद्याक्षरांची कंपनी

ओके हे नाव होकारार्थी ‘ओके’वरून आले असे वाटते, पण ते तसे नाही. निदान पूर्णपणे तसे नाही. कंपनीचा संस्थापक ऑटो हाइनेमान. त्याच्या पूर्ण नावाची ओ, के, ई, एच ही चार आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले. उच्चार मात्र ‘ओके’ असाच होत असल्याने आयतीच सोय झाली.

हाइनेमान मूळचा जर्मन. बर्लिनच्या कार्ल लिंडस्ट्रॉम या कंपनीचा तो माणूस, आणि आपल्याकडच्या जुन्या मंडळींना माहीत असलेले ओडियन हे लेबल याच लिंडस्ट्रॉम समूहाचे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो अमेरिकेत होता. परत जाऊन काय करणार? त्याने न्यूयॉर्कमध्येच ग्रामोफोनचे सुटे भाग विकण्याचा धंदा मांडला आणि १९१८ मध्ये स्वतःच्या तबकड्या बाजारात आणल्या.

त्या वेळी बाजारात व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बड्या कंपन्यांचा दरारा होता. व्हिक्टरकडे कारूझोसारखा ऑपेराचा सम्राट. हाइनेमानकडे ना असा कोणी तारा, ना त्याला देण्याइतका पैसा. त्याने जर्मन, यिडिश, पोलिश, चेक अशा स्थलांतरितांच्या भाषांमधली गाणी काढायला सुरुवात केली. बडे लोक ज्या गिऱ्हाइकाकडे नीट बघत नव्हते ते गिऱ्हाईक पकडायचे, हा सरळ व्यापारी हिशेब होता. यात समाजसुधारणेचा हेतू शोधायला जाऊ नये. पण कधी कधी नफ्याच्या मागे लागलेला माणूसही नकळत एखादे बंद दार उघडून जातो, तसे इथे झाले.

पेरी ब्रॅडफर्डची चिकाटी

दार ठोठावणारा माणूस होता पेरी ब्रॅडफर्ड. अलाबामात जन्मलेला, नाटक कंपन्यांबरोबर देशभर हिंडलेला, पियानो वाजवणारा आणि गाणी रचणारा. कंपन्यांच्या कार्यालयांत तो इतक्या खेटा घालत असे, की लोक त्याला ‘खेचर’ म्हणत. हट्टी या अर्थाने! त्याचे म्हणणे एकच होते. देशात लाखो कृष्णवर्णीय लोक आहेत, त्यांच्या हातात थोडाफार पैसा आहे, त्यांनी ग्रामोफोनही घेतले आहेत. त्यांच्या माणसांच्या आवाजात त्यांची गाणी द्या, ते विकत घेतील.

बड्या कंपन्यांनी त्याला दारातूनच परत पाठवले. ओकेचे ध्वनिमुद्रण पाहणारे फ्रेड हेगर मात्र अखेर ऐकायला तयार झाले. कृष्णवर्णीय बाईला गायला लावलेत तर तुमच्या मालावर बहिष्कार घालू, अशा धमकीची पत्रे त्यांना आली, असे ब्रॅडफर्डने नंतर आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. तरीही १४ फेब्रुवारी १९२० रोजी मॅमी स्मिथची पहिली दोन गाणी मुद्रित झाली. ती ब्लूज नव्हती आणि साथीला कंपनीचे गोरे वादक होते. रेकॉर्ड बरी खपली, आकाश काही कोसळले नाही. मग ऑगस्टमध्ये ब्रॅडफर्डला हवे होते तसे, त्याच्याच पसंतीचे वादक घेऊन ‘क्रेझी ब्लूज’ झाले.

ती रेकॉर्ड पहिल्या महिन्यातच ७५ हजार खपली असे सांगितले जाते. आकड्याबद्दल वाद असू शकेल, पण तिने बाजार हादरवला याबद्दल नाही. एका डॉलरला एक रेकॉर्ड, म्हणजे कष्टकरी माणसाला ही काही स्वस्त चीज नव्हती. तरी लोक रांगा लावून घेत. आगगाडीच्या झोपण्याच्या डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर उत्तरेतून गठ्ठे घेऊन निघत आणि दक्षिणेतल्या स्टेशनांवर ते विकत. ज्या गावात रेकॉर्डचे दुकान नव्हते, तिथेही मॅमी स्मिथचा आवाज असा पोहोचला.

दुसऱ्या कंपन्यांनी मग काय करावे? कालपर्यंत दार लावून बसलेल्या साऱ्या जणी ब्लूज गाणाऱ्या स्त्रियांच्या शोधात धावल्या. हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९२१ मध्ये स्वतःची ब्लॅक स्वॉन ही कंपनी काढली, पण बड्यांच्या स्पर्धेत ती दोन-तीन वर्षांतच बुडाली. कोलंबियाने १९२३ मध्ये बेसी स्मिथला उभे केले. मॅमी आणि बेसी यांचे काही नाते नव्हते, आडनाव मात्र एकच. बेसीच्या आवाजापुढे मॅमी हळूहळू मागे पडली, हेही खरे.

ओकेने १९२१ पासून कृष्णवर्णीय कलाकारांसाठी आठ हजारपासून सुरू होणाऱ्या क्रमांकांची स्वतंत्र मालिका काढली. तिला पुढे ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणू लागले. आज हा शब्द कानाला खटकतो. पण त्या काळात कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रेच आपल्या समाजाला अभिमानाने ‘द रेस’ म्हणत. कंपन्यांनी तो शब्द उचलला आणि त्याचे कुंपण केले. गोऱ्यांचे यादीपत्रक वेगळे, यांचे वेगळे. जाहिराती वेगळ्या, पुष्कळदा दुकानेही वेगळी.

ॲटलांटाची रिकामी इमारत

हेगर यांच्या हाताखाली राल्फ पीअर नावाचा एक तरुण होता. मिसुरी राज्यातला, वडिलांच्या दुकानात ग्रामोफोन विकता विकता या धंद्यात आलेला. जून १९२३ मध्ये ध्वनिमुद्रणाचे सगळे सामान गाडीत भरून तो दक्षिणेत ॲटलांटा शहरी गेला. कलाकाराला न्यूयॉर्कला बोलवण्याऐवजी कंपनीनेच त्याच्या गावी जायचे, ही कल्पना अमेरिकेत तेव्हा नवी होती. (आपल्याकडे हे आधीच झाले होते. ग्रामोफोन कंपनीची माणसे १९०२ मध्येच कलकत्त्याला येऊन गोहरजान यांचे गाणे घेऊन गेली होती.) नॅसाऊ स्ट्रीटवरच्या एका रिकाम्या इमारतीत पीअरने यंत्रे मांडली.

पोक ब्रॉकमन हा तिथला ओकेचा विक्रेता. त्यांच्या घरचे फर्निचरचे दुकान होते आणि त्या काळी ग्रामोफोन हे लाकडी कपाटासारखे फर्निचरच असल्याने रेकॉर्ड्सही तिथेच विकल्या जात. ब्रॉकमनने एका पन्नाशी गाठलेल्या फिडलवादकाला पुढे केले. फिडलिन जॉन कार्सन. कापसाच्या गिरणीत काम केलेला, फिडलच्या चढाओढी जिंकणारा गोरा माणूस. तो फिडल वाजवत वाजवतच गाई. पीअरला त्याचे गाणे अगदी भयंकर वाटले. हे कोण विकत घेणार?

ब्रॉकमन म्हणाला, मी घेतो, ५०० प्रती पाठवा. पीअरने इतक्या नाखुशीने त्या काढल्या, की त्यांवर यादीतला क्रमांकही घातला नाही. ॲटलांटातल्या फिडलवादकांच्या मेळाव्यात त्या हातोहात खपल्या. पुन्हा मागणी आली, पुन्हा प्रती गेल्या आणि मग मात्र न्यूयॉर्कच्या साहेबांनी त्याला क्रमांक दिला. आज ज्याला कंट्री संगीत म्हणतात आणि ज्याची उलाढाल अब्जावधी डॉलर्सची आहे, त्याच्या धंद्याचा पाया साधारणपणे या रेकॉर्डपासून मोजतात. ती नॅसाऊ स्ट्रीटवरची इमारत जपावी म्हणून पुष्कळ लोक झगडले, पण हॉटेल बांधण्यासाठी २०१९ मध्ये ती पाडली गेली.

या गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांना काय म्हणावे, असा प्रश्न पडला. जानेवारी १९२५ मध्ये अल हॉपकिन्सची मंडळी ध्वनिमुद्रणाला आली. बँडचे नाव काय लिहू, असे पीअरने विचारले. आम्ही काय, डोंगरातले गावंढळ लोक, काहीही लिहा, असे हॉपकिन्सने हसण्यावारी नेले. पीअरने ‘हिल बिलीज’ असे लिहिले आणि पुढे पंचवीस वर्षे त्या साऱ्या संगीताला तेच नाव चिकटले. ओकेने त्याच वर्षी या गाण्यांसाठीही ४५ हजारांपासूनची निराळी मालिका काढली.

म्हणजे आता दोन मालिका झाल्या. कृष्णवर्णीयांची एक, गोऱ्या खेडुतांची दुसरी. मजा अशी, की गावात हे वादक एकमेकांची गाणी सर्रास वाजवत. कुंपण होते ते कंपनीच्या वहीत.

शिकागोतली पाच माणसे

१२ नोव्हेंबर १९२५ या दिवशी शिकागोत ओकेच्या कर्ण्यासमोर पाच जण उभे राहिले. कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, पियानोवर त्यांची पत्नी लिल हार्डिन, ट्रॉम्बोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स आणि बँजोवर जॉनी सेंट सीर. बँडचे नाव ‘हॉट फाइव्ह’. गंमत म्हणजे हा बँड जवळजवळ फक्त रेकॉर्डपुरताच होता. पाचही जण रात्री आपापल्या क्लबमध्ये वाजवत आणि अधूनमधून ओकेच्या खोलीत एकत्र येत.

१९२८ अखेरपर्यंत हे सत्र चालले. कधी पाच जण, कधी सात. तोवरच्या जाझमध्ये सगळे मिळून एकदम वाजवत. आर्मस्ट्राँग यांनी एकट्या वादकाला पुढे आणले. आपल्याकडे मैफलीत गायक एक जागा घेऊन ती फुलवत नेतो, तसे काहीसे. ‘हीबी जीबीज’ या रेकॉर्डमध्ये ते मध्येच शब्द सोडून नुसत्या अर्थहीन अक्षरांवर गायला लागतात. गाण्याचा कागद हातातून पडला म्हणून तसे झाले, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, तराणा ऐकलेल्या आपल्या कानाला त्यात परके वाटू नये. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवातीची ट्रम्पेटची झेप तर आजही ट्रम्पेट शिकणारी मुले घोकतात.

यातलीच एक रेकॉर्ड, मे १९२७ ची ‘मेलंकली ब्लूज’, पृथ्वीवरच्या कोणत्याही रेकॉर्डपेक्षा जास्त लांब गेली आहे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी बसवली, तिच्यात बाख आणि बेथोव्हेनबरोबर हे गाणे आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. व्हॉयेजर १ आज पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरहून अधिक दूर गेले आहे. ज्या मालिकेच्या रेकॉर्ड्स गोऱ्या वस्तीतल्या पुष्कळ दुकानांत ठेवतसुद्धा नसत, तिच्यातले एक गाणे केसरबाईंच्या सोबतीने तिथे चालले आहे.

घर बदलले

नोव्हेंबर १९२६ मध्ये कोलंबियाने ओके विकत घेतली. कारण तांत्रिक होते. १९२५ पासून कर्ण्याऐवजी मायक्रोफोन आणि विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले. त्याचे हक्क बड्यांनी घेतले होते. ओकेकडे ते नव्हते आणि तिची स्वतःची पद्धत फारशी चांगली नव्हती. कोलंबियाने नाव ठेवले, कारण त्या नावाला गिऱ्हाईक होते.

राल्फ पीअर त्याआधीच ओके सोडून गेला होता. पुढे व्हिक्टरशी त्याने एक चतुर करार केला. पगार नको, फक्त मी मुद्रित केलेल्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क मला द्या. त्या हक्कांवर त्याने मोठी प्रकाशन संस्था उभारली. गाण्यात पैसा नेमका कुठे आहे, हे ओळखणारा तो पहिल्या काहींपैकी एक होता. गाणाऱ्यांना मात्र ते क्वचितच कळले. बहुतेकांना एका गाण्याचे ठरावीक पैसे रोख मिळत, आणि मग रेकॉर्ड हजार खपो की लाख, त्यांना त्याचे सोयरसुतक राहत नसे.

याचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण म्हणजे मिसिसिपी जॉन हर्ट. मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन या वस्तीत राहणारा हा शेतमजूर. आवाज हळुवार, गिटार त्याहून हळुवार. शेजारच्या विली नार्मूर या गोऱ्या फिडलवादकाबरोबर तो कधीमधी नाचाच्या कार्यक्रमात वाजवी. नार्मूरला ओकेचे बोलावणे आले तेव्हा त्यानेच कंपनीच्या माणसांना हर्टचे नाव सुचवले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मेंफिसला आणि डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला हर्टची गाणी मुद्रित झाली. न्यूयॉर्कमध्ये त्याला गावाची आठवण आली म्हणून त्याने गावाच्या नावाचेच एक गाणे गायले, ‘ॲव्हलॉन ब्लूज’.

रेकॉर्ड्स फारशा खपल्या नाहीत. लगेच मंदी आली. हर्ट गावी परतला, शेतीची आणि गुरांची कामे करू लागला. पस्तीस वर्षे गेली.

मधल्या काळात १९५२ मध्ये हॅरी स्मिथ नावाच्या संग्राहकाने जुन्या रेकॉर्ड्सचा एक संच काढला. त्यात हर्टची दोन गाणी होती. विद्यापीठांतली पोरे ती ऐकून वेडी झाली. सगळ्यांची समजूत अशी, की हा गायक केव्हाच वारला असणार. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स या तरुणाने ‘ॲव्हलॉन ब्लूज’ नीट ऐकले. गायक आपल्या गावाचे नाव सांगतो आहे, मग ते गाव तरी शोधू! नव्या नकाशांत ते मिळेना, जुन्या नकाशात मिळाले. तो गाडी घेऊन तिथे पोहोचला आणि चौकशी केली तर हर्ट जवळच राहत होता. सत्तरीला आलेला, अजून मजुरीच करणारा, घरात स्वतःची गिटारही नसलेला. दारात आलेला हा गोरा तरुण पोलिसांचा माणूस असावा, अशी त्याला धास्ती वाटली म्हणतात. त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर तो बसून गात होता. २ नोव्हेंबर १९६६ रोजी तो वारला. पस्तीस वर्षांच्या उपेक्षेनंतर तीन वर्षांचे कौतुक वाट्याला आले.

पाटी काढली, पाटी लावली

जागतिक मंदीने अमेरिकेचा रेकॉर्ड धंदा साफ झोपवला. १९२७ मध्ये दहा कोटींहून जास्त रेकॉर्ड्स खपत होत्या, त्या १९३२ मध्ये साठ लाखांवर आल्या. कोलंबिया स्वतःच या हातातून त्या हातात जात राहिली आणि १९३५ च्या सुमारास ओकेची पाटी खाली उतरली.

१९३८ मध्ये सीबीएस या रेडिओ कंपनीने हा सारा पसारा घेतला. तिच्याकडे व्होकॅलियन नावाचे स्वस्त लेबल होते, पण त्या नावाचे हक्क दुसऱ्याकडे जात होते. नवे नाव शोधण्यापेक्षा कपाटातले जुनेच काढू, म्हणून १९४० मध्ये ओके परत आली. बॉब विल्सचे ‘न्यू सॅन अँटोनियो रोझ’, बिली हॉलिडेचे ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ याच काळातले. महायुद्ध संपताना पुन्हा बंद.

१९५१ मध्ये रिदम अँड ब्लूजची लाट आली तेव्हा पुन्हा सुरू. कोलंबियाच्या दिवाणखान्यात ज्यांना बसवायला संकोच वाटे त्यांची सोय ओकेच्या ओसरीवर, हे धोरण आता अगदी उघड झाले. जॉनी रे याची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. हा गोरा तरुण, लहानपणापासून कानाने अधू, डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबात गाणारा. गाताना रडे, गुडघ्यांवर बसे. त्याचे गाणे कृष्णवर्णीयांसारखे वाटते म्हणून त्याला ओकेवर टाकले. ‘क्राय’ ही त्याची रेकॉर्ड १९५१ च्या अखेरीस आली आणि अमेरिकेत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. मग त्याला लगोलग ओसरीवरून उचलून आत, कोलंबियावर नेले! बिग मेबेल या कृष्णवर्णीय गायिकेला असे आत कोणी नेले नाही. तिने १९५५ मध्ये ओकेसाठी ‘होल लॉटा शेकिन गोइंग ऑन’ गायले. दोन वर्षांनी तेच गाणे गाऊन जेरी ली लुईस जगप्रसिद्ध झाला.

१९५६ मध्ये स्क्रीमिन जे हॉकिन्सच्या ‘आय पुट अ स्पेल ऑन यू’ने काही रेडिओ केंद्रांना घाम फोडला. त्यातल्या ओरडण्या-घुरघुरण्यामुळे त्यांनी ते वाजवायलाच नकार दिला. खूप दारू प्यायल्यामुळे ते गाणे कसे गायलो हे मला आठवतच नाही, असे हॉकिन्स पुढे सांगत असे.

शेवटची मोठी भरभराट झाली साठच्या दशकात, शिकागोत. १९६२ मध्ये कार्ल डेव्हिस या कृष्णवर्णीय निर्मात्याकडे ओकेची सूत्रे आली. त्याने कर्टिस मेफील्ड या प्रतिभावान तरुणाकडून गाणी लिहून घेतली आणि मेजर लान्सने ती गायली. ‘द मंकी टाइम’ १९६३ मध्ये गाजले. ओकेच्या साऱ्या इतिहासात खुर्चीवरही कृष्णवर्णीय माणूस, असा हा मोठा काळ. तो फार टिकला नाही. डेव्हिस काही वर्षांतच बाहेर पडला आणि १९७० मध्ये लेबल बंद झाले.

आणि मग इंग्लंडमध्ये भलतेच घडले. उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांत तरुण कामगार रात्रभर नाचत ते अमेरिकेत न चाललेल्या सोल रेकॉर्ड्सवर. जितकी रेकॉर्ड दुर्मीळ तितकी तिची किंमत जास्त. ओकेचे साठच्या दशकातले पडून राहिलेले तुकडे तिथे सोन्याच्या भावाने जाऊ लागले. अमेरिकेत विस्मरणात चाललेला मेजर लान्स सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडला राहायलाच गेला, आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या क्लबात त्याचे स्वागत ताऱ्यासारखे झाले.

१९८८ मध्ये सीबीएसचा रेकॉर्ड विभाग जपानच्या सोनीने घेतला, त्याबरोबर ओके हे नावही गेले. १९९४ मध्ये केब मो याचा ब्लूजचा संग्रह या नावाने आला, २००० च्या सुमारास पुन्हा शांतता, आणि २०१३ मध्ये सोनीने जाझसाठी ते परत वापरात आणले. बिल फ्रिसेल, सॉनी रॉलिन्स अशा बुजुर्गांच्या तबकड्या त्यावर निघाल्या.

ज्यांच्यामुळे या नावाला इतक्या वेळा बाजारात किंमत आली त्यांचे काय झाले? लॉनी जॉन्सन हा ओकेचा विसाच्या दशकातला अव्वल गिटारवादक. सेंट लुईसमधली ब्लूजची स्पर्धा जिंकून त्याने ओकेचा करार मिळवला होता आणि आर्मस्ट्राँग यांच्याबरोबरही वाजवले होते. १९५९ मध्ये तो फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात साफसफाईचे काम करताना आढळला. मॅमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’च्या दिवसांत पुष्कळ मिळवले, तसेच उधळलेही. १९४६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली तेव्हा हातात काही उरले नव्हते. स्टेटन आयलंडवरच्या फ्रेडरिक डग्लस स्मशानभूमीत तिला पुरले, पण कबरीवर नावाचा दगडही नव्हता. सहा दशकांहून अधिक काळ लोटल्यावर काही रसिकांनी वर्गणी गोळा करून तो बसवला. तिचे ‘क्रेझी ब्लूज’ त्याआधीच, २००५ च्या यादीत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत जाऊन बसले होते.